रंगवलेला शिपाई आणि आखलेलं घर

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी इंग्लंडात, लीड्सला असतो. यंदा महिनाभर त्याच्याकडे राहून आलो. दर शनिवारी त्याचा एक मित्र पत्र्याची पेटी घेऊन यायचा. पेटीत बोटाच्या पेराएवढे शिपाई. त्यांचे पट्टे, बटणं, मिशासुद्धा रंगवलेल्या. भाचा आठवडाभर रात्री भिंग लावून, दोन केसांच्या कुंचल्याने असलेच शिपाई रंगवत बसायचा. पण शनिवारी बघतो तर काय, हिरव्या कापडावर चौकोन आखलेले आणि शिपाई या घरातून त्या घरात! शिपाई इतका खरा आणि मैदान इतकं खोटं, हे कसं? खरी लढाई खेळायची तर घरं कशाला? आणि घरंच हवी असतील तर बुद्धिबळ काय वाईट? भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, एकदा खेळून बघा ना." तेव्हा खेळलो नाही, आता चुटपुट लागली आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : खेळायला हवं होतं तुम्ही. पण चुटपुट लागली म्हणजे अर्धा डाव झालाच, उरलेला इथे पुरा करू.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. 'बुद्धिबळ काय वाईट?' हे कोडं जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात योहान क्रिस्टियान लुडविग हेलविग नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला पडलं होतं. बुद्धिबळ हा मुळात लढाईचाच खेळ. चतुरंग या नावातच हत्ती, घोडे, रथ, पायदळ सगळे आले. पण त्या पटावर ना डोंगर, ना नदी, ना चिखल. पांढऱ्या घरात उभं राहिलं काय नि काळ्या घरात काय, प्याद्याला सारखंच. हेलविगने १७८० साली आपला खेळ छापला, त्यात जागेजागेत फरक आला. त्याचा पट ४९ बाय ३३, म्हणजे तब्बल १६१७ घरांचा. घरांना रंग दिलेले : निळं ते पाणी, लाल तो डोंगर, हिरवी ती दलदल. म्हणजे कुठे उभं राहायचं याला पहिल्यांदा किंमत आली. हे गृहस्थ कीटकांचेही मोठे अभ्यासक होते. बारक्या पायांच्या गोष्टी ओळीने मांडायची हौस तिथूनच आली असावी, असा आपला माझा तर्क.

तेव्हा सुरुवात घरांपासूनच झाली. पुढच्यांना मात्र ती खुपायला लागली. नदी काय काटकोनात वळते? १८१२ मध्ये गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ याने प्रशियाच्या राजाला एक मेजच करून दिलं. प्लास्टरचे तुकडे हवे तसे जुळवून डोंगर-दऱ्या मांडायच्या आणि अंतरं कर्कटकाने मोजायची. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने मेजही बाजूला सारलं आणि १:८००० प्रमाणाचा नकाशा घेतला. हा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता, त्यामुळे मोजमापाचा पक्का. घरं गेली आणि त्यांच्या जागी मोजपट्ट्या, फासे, हानीचे तक्ते आणि हा सगळा संसार सांभाळायला एक पंच आला. प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो उचलला. पण नियम इतके जड झाले की १८७६ मध्ये फॉन वेर्डी द्यू वेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने बहुतेक नियमांना रजाच दिली. अनुभवी पंच सांगेल तो निकाल! खरेपणाच्या मागे धावता धावता खेळ एका माणसाच्या 'मला असं वाटतं'पाशी येऊन थांबला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपल्या भाच्याचे शिपाई मात्र सैन्याच्या कचेरीतून नाही, खेळण्यांच्या खोक्यातून आले. 'ट्रेझर आयलंड'वाला स्टीव्हन्सन १८८१-८२च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडात दावोसला होता, तेव्हा सावत्र मुलाबरोबर माळ्यावरच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून शिशाचे शिपाई लढवायचा. एच. जी. वेल्सने तर १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच लिहिलं. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिपाई खरोखर उडवायचे आणि दोरीने मोजून चालवायचे, पायदळ एक फूट, घोडेस्वार दोन फूट. थोर लेखक गुडघ्यांवर रांगत दोरी ताणतो आहे, हे चित्र मला फार आवडतं. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, असं त्याने त्यात लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

शिपायांच्या खेळात घरं परत आली ती १९६२ मध्ये. त्या वर्षी दोन पुस्तकं निघाली, इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोनचं आणि अमेरिकेत जोसेफ मोर्शाउझरचं. बहुतेक खेळाडू फेदरस्टोनच्या मागे गेले : मोकळं मेज, टेप, फासे. मोर्शाउझरने मेजावर चौकोन आखायची वाटही दाखवली. ती वाट बराच काळ पाऊलवाटच होती. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत तिच्यावर चांगलीच वर्दळ झाली आहे. बॉब कॉर्डरी या इंग्रज लेखकाने मोर्शाउझरचाच धागा पकडून २०१७ मध्ये 'द पोर्टेबल वॉरगेम' काढलं. त्यातली लढाई बुद्धिबळाच्या पटाएवढ्या, आठ बाय आठ घरांत मावते. सायमन मिलरचा 'टू द स्ट्राँगेस्ट!' २०१४चा. त्यात ग्रीक-रोमन सैन्यं चौकोनांवर लढतात आणि फाशांऐवजी पत्त्यांची पानं ओढतात. एकाच तुकडीला पुन्हा पुन्हा हलवायचं तर पुन्हा पुन्हा पान काढावं लागतं, आणि आधीच्या पानापेक्षा खालचं आलं की ती तुकडी जागीच थांबते. लोभ किती करायचा, हा सगळा खेळ.

आता मुद्द्यावर येतो. घरं कशाला?

पहिलं कारण अगदी संसारी आहे : भांडणं मिटतात. मोकळ्या मेजावर बंदुकीचा पल्ला बारा इंच असतो आणि शत्रू कधीच बरोब्बर बारा इंचांवर नसतो, तो सव्वाबारावर असतो. मग टेप शिपायाच्या पायापासून धरायचा की तळाच्या चकतीपासून? टेप सरळ आहे का? मघाशी चालवताना तू अर्धा इंच जास्त सरकलास की नाही? गल्ली क्रिकेटमध्ये बॅट टेकली की नाही यावरून जे व्हायचं, तेच चाळिशीतली शहाणी माणसं इथे करतात. घरं आखली की हा सगळा वाद संपतो. एकतर तू शेजारच्या घरात आहेस किंवा नाहीस. प्रशियातल्या त्या पंचाचं काम एका रेघेने केलं, तेही बिनपगारी.

एकट्याने खेळणाऱ्याला तर ही रेघ म्हणजे देवच. आपणच दोन्ही सेनापती, तेव्हा 'साधारण इथवर आला असेल' म्हणताना नकळत लाडक्या बाजूला झुकतं माप जातं. घर मोजताना तसं करता येत नाही. डाव अर्धा राहिला तरी हरकत नाही. कुठल्या घरात कोण ते कागदावर टिपून घ्यायचं, जेवणासाठी मेज मोकळं करायचं आणि रात्री परत मांडायचं. लहान घरांत राहणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

पण मला विचाराल तर खरं कारण वेगळं आहे, आणि तुमच्या 'खोट्या मैदाना'चं उत्तरही तिथेच आहे. तपशील वाढवला की खरेपणा वाढतो, असं आपल्याला वाटतं. कुणाचा तपशील, हे मात्र आपण विचारत नाही. बंदूक भरायला शिपायाला किती सेकंद लागतात, हा शिपायाचा तपशील. टेकडीवर घोड्यावर बसलेल्या सेनापतीला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच : ती पलटण पुलापाशी आहे, अजून उभी आहे, पण डगमगते आहे. मदत पाठवू की डावीकडचा हल्ला आधी करू? चौकटीचा खेळ तुम्हाला नेमका एवढाच प्रश्न विचारतो. 'पुलाच्या घरात' कोण आहे? शिपाई घराच्या अलीकडच्या कोपऱ्यात आहे की पलीकडच्या, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही, कारण ते बघणारा सुभेदार तिथे आहे. घरं आखून मैदान खोटं होत नाही, ते फक्त सेनापतीच्या उंचीवरून दिसायला लागतं.

उदाहरण म्हणून रिचर्ड बोर्ग या अमेरिकी खेळकाराचा 'मेमॉयर फोर्टी-फोर' घेऊ. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या त्याला साठ वर्षं झाली तेव्हा, २००४ मध्ये, तो निघाला. यात प्लॅस्टिकचे शिपाई आहेत आणि घरं चौकोनी नसून मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी आहेत, तेरा बाय नऊ. पायदळाच्या तुकडीत चार शिपाई, रणगाड्यांच्या तुकडीत तीन गाडे, तोफखान्यात दोन तोफा. मार बसला की एक उचलायचा. पायदळ शेजारच्या घरावर तीन फासे टाकतं, एक घर सोडून पलीकडे दोन, त्याच्याही पलीकडे एक. समोर जंगल असेल तर एक फासा कमी. बस्स, हे नियम पाठ व्हायला चहाचा एक कप पुरतो.

खरी करामत आहे फाशात. त्याच्या सहा बाजूंपैकी दोनांवर शिपाई, एकावर रणगाडा, एकावर हातबाँब, एकावर निशाण, एकावर तारा. ज्याचं चित्र पडेल त्याला मार, आणि हातबाँब सगळ्यांना. म्हणजे पायदळावर फासा लागण्याची शक्यता सहात तीन, रणगाड्यावर सहात दोन, तोफेवर सहात एक. राइसविट्झच्या तक्त्यांची वही फाशाच्या सहा बाजूंवर कोरून टाकली, आणि खेळणाऱ्याला आपण तक्ता बघतोय याचा पत्ताही नाही! निशाण पडलं तर तुकडी एक घर मागे हटते. मागे जायला जागाच नसेल तर एक शिपाई गमावते. पाठीशी नदी घेऊन लढू नये, ही लष्करी शहाणपणाची गोष्ट एका ओळीत कळते ती अशी.

या खेळाबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. तुकडीत चारांपैकी एकच शिपाई उरला तरी तो चौघांइतकेच फासे टाकतो. हे काय खरं आहे? आधी मलाही खटकलं होतं. मग लक्षात आलं की तुकडी पुरती संपली तरच शत्रूला पदक मिळतं आणि ठरलेली पदकं मिळाली की डाव जिंकला. म्हणून तो उरलेला एकटा शिपाई एकाच वेळी आपला हुकमी एक्काही आहे आणि दुखरी नसही. त्याला पुढे लोटू की गुपचूप मागे घेऊ? आकड्यांच्या हिशेबाने ते खोटं असेल, पण पोटात जो गोळा येतो तो खरा आहे. मला असे नियम आवडतात. तपशिलाचे पुरे गुण काही खेळांना मिळतात आणि त्यांचा एकही निर्णय दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

शिवाय इथे हवं तेव्हा हवं ते करता येत नाही. पट डावा, मधला, उजवा अशा तीन भागांत विभागलेला आणि हातातलं पान म्हणणार, डावीकडच्या दोनच तुकड्या हलवा. जळतंय उजवीकडे आणि हातात पानं डावीकडची! क्लाउझेविट्झ या प्रशियन सेनानीने युद्धातल्या ज्या 'घर्षणा'बद्दल लिहिलं, साध्या गोष्टीसुद्धा लढाईत अवघड होऊन बसतात ते, पत्त्याच्या एका पानात आलं.

षटकोन बरा की चौकोन, हा या मंडळींमधला सांप्रदायिक वाद. चौकोनाचं दुखणं तिरक्या चालीत आहे. कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलं की एका घराच्या पैशात जवळजवळ दीड घराचा प्रवास होतो. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर, म्हणून अमेरिकेतल्या अॅव्हलॉन हिल कंपनीने १९६१ पासून आपल्या पटांवर षटकोन आणले आणि नकाशावरचे युद्धखेळ म्हणजे षटकोन असं समीकरणच झालं. पण त्यांत सैन्याची सरळ ओळ धरायला जावं तर एका दिशेने ती नागमोडी होते. रोमन फौजा, नेपोलियनच्या पलटणी रांगेतच लढल्या, त्यांना चौकोनच शोभतो. यावर एक मधला तोडगा आहे. भिंतीतल्या विटांसारखी एकाआड एक ओळ अर्ध्या घराने सरकवायची. मग चौकोनालाही षटकोनासारखे सहा शेजारी मिळतात आणि पट्टी-पेन्सिलीने आखायला सोपं. मी स्वतः विटांच्या बाजूचा आहे.

आणि तुमचा मूळ प्रश्न, एवढे रंगवलेले शिपाई कशाला? नियमांना ते लागतच नाहीत हे खरं. घरात बटण ठेवलं तरी डाव तसाच होईल. पण खेळ जेवढा साधा तेवढी डोळ्यांना भूक जास्त. नियमांनी लढाईतून धूर, आरोळ्या, चिखल सगळं काढून घेतलं, ते परत कुठून तरी आणायला हवं. ते रंगातून येतं. बटण मागे घेतलं तर बटण मागे घेतलं. पण तुम्ही आठ रात्री बसून ज्याची मिशी रंगवली तो मागे हटतो तेव्हा तुमचाही जीव थोडा खाली-वर होतो. भाच्याला विचारा, कुठला शिपाई कधी मेला ते त्याला नक्की आठवत असेल.

घरं असली की आणखी एक सोय होते. तुकडी घरात आहे एवढंच पुरेसं असल्याने शिपाई घरात कसे उभे करायचे याला मोकळीक असते. कुणी कुंपणाआड टेकलेला, कुणी पडलेल्या गड्याला उचलणारा, असा छोटा देखावाच करता येतो. हिरवळीवर रेघा मात्र वाईट दिसतात, हे मान्य. म्हणून जाणते लोक रेघा मारतच नाहीत. घराच्या चार कोपऱ्यांवर एकेक खडा नाहीतर गवताचा झुबका चिकटवतात. बघणाऱ्याला मैदान दिसतं, खेळणाऱ्याला घरं.

नुसत्या देखाव्याची हौस आपल्याकडेही आहेच. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडतो, ते दुसरं काय असतं? फक्त आपले मावळे चार दिवस उभे राहतात आणि परत टोपलीत जातात. त्यांना कुणी खेळवत नाही. तेव्हा आता चुटपुट घालवा. लीड्सला जायची गरज नाही, घरची फरशी हीच तुमची आखलेली घरं. दहा फरश्या जाडजूड पुस्तकांनी बंद करून मध्ये एक फरशी रुंद, दोन फरश्या लांब अशी खिंड ठेवा. जुलै १६६०ची पावनखिंड समजा. खिंडीत एकामागे एक दोन मावळे, म्हणजे दोन तुकड्या. बाहेर आदिलशाही फौजेच्या सहा. प्रत्येकाशेजारी चार चिंचोके, ते त्याचं बळ. चालीला एक घर, तिरकं जायचं नाही, तिरका मारही नाही. शेजारच्या शत्रूवर आपापल्या पाळीत दोन फासे टाकायचे. उघड्यावरच्याला चार, पाच, सहा पडलं की मार, खिंडीतल्याला फक्त पाच किंवा सहा. मार बसला की एक चिंचोका उचलायचा, चिंचोके संपले की तुकडी संपली. फौजेच्या बारा पाळ्या होईपर्यंत खिंडीत एकही मावळा उभा असेल तर विशाळगडावर तोफ झाली, बाजी जिंकले.

सहा तुकड्या असूनही फौजेला एका वेळी एकाच तुकडीने लढता येतं, ते का, हे सांगायला नियम लागत नाही. फरशीच सांगते. हिशेबही करून पाहिला आहे. दोन फाशांनी पाळीला सरासरी दोन-तृतीयांश चिंचोका जातो, म्हणजे खिंडीतले आठ चिंचोके जायला साधारण बारा पाळ्या. डाव अगदी काठावर राहतो. सोपा वाटला तर पाळ्या चौदा करा.

मावळे दिवाळीच्या टोपलीतले चालतील, मिशी उडालेले असले तरी. फासा कपाटाखाली गेला तर परत टाकायचा, तिथे सहा पडलेला दिसत असला तरी.